सरहद्दीची संकल्पना आणि पेणची खारभूमी : एक तुलनात्मक विवेचन

प्रस्तावना

अमेरिकेच्या इतिहासाचे अध्यापन करताना 'पश्चिमेकडील विस्तार' हे प्रकरण बहुधा सनावळीच्या रूपाने शिकविले जाते. 1803 ची लुइझियाना खरेदी, 1862 चा होमस्टेड कायदा, 1869 मध्ये पूर्ण झालेला आंतरखंडीय लोहमार्ग आणि 1890 च्या जनगणनेतील सरहद्दरेषा संपल्याची नोंद, असा हा क्रम असतो. या घटनांमागील मूळ प्रश्न मात्र सार्वत्रिक आहे. नवी जमीन लागवडीखाली येते तेव्हा ती कोणाची होते? जो प्रथम पोहोचतो त्याची, जो कसतो त्याची, की ज्याचे नाव दप्तरात लागते त्याची? रायगड जिल्ह्यातील पेण तालुक्याची खारभूमी या प्रश्नाचा विचार करण्यास उत्तम उदाहरण ठरते. मुंबई-गोवा महामार्गावरील गडब आणि परिसरातील गावांच्या पश्चिमेस धरमतर खाडीचा जो सखल पट्टा पसरला आहे, तीही एका अर्थाने सरहद्दच होय. तिची दिशा पश्चिमेकडेच आहे; फरक इतकाच की तेथे माळरानाऐवजी समुद्र आहे.

टर्नर यांचा सिद्धांत व त्यावरील आक्षेप

फ्रेडरिक जॅक्सन टर्नर यांनी 1893 मध्ये शिकागो येथे वाचलेल्या निबंधात, अमेरिकन लोकशाही व व्यक्तिस्वातंत्र्य यांची जडणघडण पश्चिमेच्या मोकळ्या जमिनीमुळे झाली, असे प्रतिपादन केले. होमस्टेड कायद्याने या विचारास जणू आधीच कायदेशीर रूप दिले होते. पाच वर्षे राहून जमीन कसणाऱ्या कुटुंबास अल्प शुल्कात 160 एकर जमीन मिळत असे. या कायद्यान्वये सुमारे 16 लाख दावे मंजूर होऊन सुमारे 27 कोटी एकर जमीन वाटली गेली.

तथापि ही जमीन मोकळी नव्हती. 1830 च्या कायद्यानंतर आग्नेयेकडील मूळ रहिवाशांना मिसिसिपीपलीकडे हलविण्यात आले. 1838-39 मधील चेरोकी लोकांच्या स्थलांतरात हजारो माणसे दगावली. पुढे 1887 च्या डॉज कायद्याने सामूहिक जमिनींचे वैयक्तिक तुकडे पाडले. परिणामी 1887 मध्ये मूळ रहिवाशांकडे असलेली सुमारे 13.8 कोटी एकर जमीन 1934 पर्यंत सुमारे 4.8 कोटी एकरांवर आली. पॅट्रिशिया लिमरिक यांच्यासारख्या इतिहासकारांनी 1980 च्या दशकापासून पश्चिमेचा इतिहास 'वसाहत' म्हणून न पाहता 'जिंकून घेणे' म्हणून पाहिला. 'मोकळी जमीन' हे वर्णन वस्तुस्थितीचे नसून वर्णन करणाऱ्याच्या दृष्टीचे होते, हे त्यामुळे स्पष्ट झाले.

खारभूमी : घडविलेली जमीन

पेणच्या सरहद्दीवरील जमीन आयती सापडलेली नाही, ती घडविलेली आहे. भरतीच्या पाण्याखाली जाणाऱ्या खाजणाभोवती प्रथम मातीचा बाहेरकाठा बांधला जातो. त्यात उघाडी ठेवलेली असते. ओहोटीच्या वेळी आतील गोडे पाणी तिच्यातून बाहेर पडते व भरतीचे खारे पाणी अडते. नंतर काही पावसाळे पावसाच्या पाण्याने जमिनीतील क्षार धुतला जातो, तेव्हा कोठे भात उभे राहते. या भागात राता जातीचे खारसोशिक भात पूर्वापार घेतले जाई. पुढे पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राने सुधारित वाण दिले. बांधबंदिस्ती, भातशेती व मिठागरे यांतील श्रमाचा मोठा वाटा आगरी समाजाचा आहे.

पडीक जमीन लागवडीस आणण्यासाठी मराठेशाहीत कौल देण्याची पद्धत होती. त्यात इस्तावा, म्हणजे प्रारंभीची काही वर्षे सारामाफी किंवा हलका सारा व पुढे क्रमाक्रमाने वाढ, अशी सवलत असे. उद्देशाच्या दृष्टीने हा कौल होमस्टेडच्या तत्त्वाशी मिळताजुळता आहे. दोहोंत राज्यसंस्था पैसा न घालता कसणाऱ्याच्या श्रमावर महसुलाचा पाया विस्तारते. परंतु परिणाम भिन्न झाला. येथील शिलोत्री पद्धतीत बाहेरकाठ्याची जबाबदारी शिलोत्रीदाराकडे असे व त्याबद्दल कसणाऱ्या कुळाकडून सरकारी साऱ्याखेरीज ठरावीक भात घेतले जाई. काही ठिकाणी मात्र कुळेच एकत्र येऊन बांध राखीत. त्या व्यवस्थेस कुळारग म्हणत. अशा रीतीने एकाच खाडीकाठी दोन प्रकारच्या सरहद्दी नांदत होत्या : एक मध्यस्थाची व दुसरी सामूहिक श्रमाची.

हक्कासाठीचा लढा

श्रम एकाचे व हक्क दुसऱ्याचा या विसंगतीस विसाव्या शतकात वाचा फुटली. शेजारच्या अलिबाग तालुक्यातील चरी येथे नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 ते 1939 या काळात कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. सहा वर्षे जमीन पड राहू देण्याची किंमत त्यांनी मोजली. 1937 मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. स्वातंत्र्योत्तर काळात 1948 चा कूळकायदा, 1949 चा खोती निर्मूलन कायदा व 1 एप्रिल 1957 चा कृषिदिन यांमुळे कसणारा मालक झाला. अमेरिकेत कायद्याने जमीन आधी दिली व तिचा अन्याय नंतर उमगला. येथे जमीन आधी श्रमाने घडली व कायदा कितीतरी नंतर आला.

मागे हटणारी सरहद्द

दोन्ही उदाहरणांतील सर्वांत महत्त्वाचा भेद येथेच आहे. अमेरिकेची सरहद्द 1890 मध्ये 'संपली', कारण जिंकलेली जमीन परत जात नाही, असे गृहीत होते. खारभूमीची सरहद्द कधीच संपत नाही. एका उधाणाने खांड पडली की पिढ्यांचे शेत पुन्हा खाजण होते. बांध ही एकदा मिळविण्याची मालमत्ता नसून दरवर्षी नव्याने करावयाचे काम आहे. मध्यस्थ गेल्यावर हे काम कोणी करावयाचे, या प्रश्नास 1948 च्या मुंबई खारभूमी कायद्याने व पुढे 1979 च्या महाराष्ट्र खारभूमी विकास कायद्याने शासकीय यंत्रणा हे उत्तर दिले.

तरीही नवे पेच उभे राहिले. ज्या फुटलेल्या शेतांत कांदळवन उगवते तेथे, मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 व 2018 च्या आदेशांमुळे, ते तोडून पुन्हा शेती करणे दुरापास्त होते. कांदळवनाचे रक्षण आवश्यकच आहे. पण बांध वेळेवर न दुरुस्त झाल्याचा भार मात्र शेतकऱ्यावर पडतो. दुसरीकडे औद्योगिक मागणीच्या भाषेत हीच जमीन 'नापीक' ठरते. विशेष आर्थिक क्षेत्राच्या प्रश्नावर 21 सप्टेंबर 2008 रोजी पेण तालुक्यातील 22 गावांत शेतकऱ्यांचे मत अजमाविण्यात आले. आपल्या जमिनीचे वर्णन इतरांनी करावे, हे मान्य नसल्याचीच ती अभिव्यक्ती होती.

निष्कर्ष

'मोकळी', 'पडीक', 'नापीक' हे शब्द इतिहासात निरपेक्ष नसतात. प्रत्येक शब्द कोणाचा तरी हक्क पुसतो व कोणाचा तरी लिहितो. नेब्रास्काच्या माळावर हे शब्द तेथील मूळ रहिवाशांविरुद्ध वापरले गेले. धरमतरच्या काठी ते बांध घालणाऱ्याविरुद्ध वापरले जाण्याचा धोका आहे. म्हणून टर्नर यांचा सिद्धांत शिकविताना, ज्याला त्यांनी 'मोकळे' म्हटले तेथे कोण राहत होते, हा प्रश्न जसा विचारावा लागतो, तसाच गडब परिसरातील विद्यार्थ्यास आपल्या शेताचा बाहेरकाठा कोणी घातला व आज तो कोण राखतो, हा प्रश्न विचारता येतो. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर पुस्तकात नव्हे, तर बांधावर मिळते. परकीय इतिहासाचे अध्ययन स्थानिक इतिहासाकडे अशा रीतीने वळविता आले, तर ते अधिक अर्थपूर्ण ठरेल.