घरबसल्या एम्. ए.: आपला अभ्यासक्रम आपणच आंखावा काय?

गेल्या दिवाळींत भाऊबीज आटोपल्यावर आमच्या थोरल्या सूनबाईंनीं एक कागद आणून माझ्यापुढें ठेवला. "मामंजी, सवड होईल तेव्हां एवढें पाहून ठेवा," इतकेंच बोलून त्या आंत गेल्या. कागदावर सुवाच्य अक्षरांत तीन विषय लिहिले होते: संस्कृत, हस्तलिखितशास्त्र आणि आयुर्वेदाचा इतिहास. त्याखालीं एकच प्रश्न होता: या तिहींची मिळून एक एम्. ए. घरीं राहून करतां येईल काय?

प्रश्नाचें मूळ आमच्याच माळ्यावर आहे. माझे आजोबा वैद्य होते. त्यांच्या मागें राहिलेल्या दोन लांकडी पेट्यांत कांहीं देवनागरी व कांहीं मोडी अक्षरांतील पोथ्या, रुमालांत बांधलेल्या, साठ-सत्तर वर्षें तशाच पडून होत्या. वर्षांतून एकदां त्यांस ऊन दाखवावें, एवढाच आमचा त्यांच्याशीं संबंध. सूनबाई संस्कृत विषय घेऊन बी. ए. झालेल्या, पण लग्नानंतरच्या बारा वर्षांत दोन मुलें, अंथरुणावर असलेल्या माझ्या मातोश्री आणि अकरा माणसांचें घर यांत त्यांचें संस्कृत स्तोत्रांपुरतें उरलें. गेल्या श्रावणांत कसर लागलेली एक पोथी त्यांनीं झाडूनपुसून नीट केली, तेव्हां त्यांच्या ध्यानांत आलें कीं, तींतील निम्मा मजकूर आपणांस लागतो व निम्मा लागत नाहीं. तो उरलेला निम्मा त्यांस स्वस्थ बसूं देईना.

मीं प्रथम उत्तर दिलें तें जुन्या पंतोजीच्या संवयीनें: अशी एम्. ए. नसते, विद्यापीठ जें ताट वाढील तें मुकाट्यानें जेवावें. परंतु आठ-पंधरा दिवस चौकशी केल्यावर हें उत्तर मला निम्मेंअधिक परत घ्यावें लागलें. असा कागद आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या माजघरांत लिहून ठेवलेला असेल, म्हणून त्या चौकशींत जें हातीं लागलें तें येथें देतों.

घरीं राहून पदवी मिळविण्याची कल्पना मुळींच नवी नव्हे. १८५७ सालीं मुंबई विद्यापीठ ज्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर स्थापन झालें, त्यानें १८५८ सालींच महाविद्यालयांत न बसलेल्या विद्यार्थ्यांस परीक्षेचें दार उघडलें, आणि १८७८ सालीं आपल्या पदव्या स्त्रियांसही खुल्या केल्या. आपल्याकडे दिल्ली विद्यापीठानें १९६२ सालीं टपालानें पाठ पाठविण्यास आरंभ केला. पुढें १९८२ सालीं हैदराबाद येथें देशांतील पहिलें मुक्त विद्यापीठ निघालें. १९८५ सालीं दिल्लीस इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ आणि १९८९ सालीं नाशिक येथें यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झालें. या सर्वांत विद्यार्थ्यास स्थळाचें व कांहीं अंशीं काळाचें स्वातंत्र्य मिळालें. विषयांची जुळणी मात्र विद्यापीठाच्याच हातीं राहिली.

ती जुळणीही विद्यार्थ्याकडे सोंपविण्याचा प्रयोग परदेशांत झाला आहे. न्यूयॉर्क राज्यांत १९७१ सालीं स्थापन झालेल्या एम्पायर स्टेट कॉलेजांत विद्यार्थी मार्गदर्शक अध्यापकाबरोबर बसून आपल्या पदवीचा आराखडा स्वतः लिहून काढी, व अध्यापकांच्या समितीनें तो मान्य केला म्हणजे तीच त्याची पदवी. इंग्लंडच्या मुक्त विद्यापीठास सनद मिळाली १९६९ सालीं; तेथें निरनिराळ्या विषयांतील भाग निवडून १८० श्रेयांक पुरे करणाऱ्यास "मुक्त" एम्. ए. मिळण्याची सोय झाली आहे. अशा पदवीस एका विषयाचें नांव नसतें. तेथील शुल्क रुपयांत मांडून पाहिलें, आणि तो कागद घडी घालून ठेवून दिला.

आपल्या देशांत इतकी मोकळीक नाहीं. पण अलीकडच्या चार-पांच वर्षांत नियमांच्या भिंतींत कांहीं खिडक्या पडल्या आहेत, त्या सर्वांस ठाऊक नसतात. विद्यापीठ अनुदान आयोगानें २०२१ सालीं श्रेयांकांची एक पेढीच काढली. निरनिराळ्या मान्य संस्थांत मिळविलेले श्रेयांक तेथें विद्यार्थ्याच्या नांवें जमा होतात व जास्तींत जास्त सात वर्षें टिकतात. मात्र पदवी जें विद्यापीठ देणार, त्याचे निदान निम्मे श्रेयांक असावे लागतात. त्याच वर्षींच्या दुसऱ्या नियमानें, केंद्र सरकारच्या "स्वयम्" या संगणकीय शिक्षणमंचावरील पाठ्यक्रम शेंकडा ४० पर्यंत पदवींत धरण्याची मुभा विद्यापीठांस मिळाली. आणि २०२२ पासून दोन शिक्षणक्रम एकाच वेळीं करण्यासही आयोगाची हरकत राहिली नाहीं. ही शेवटची सवलत घरसंसार असलेल्यानें न घेतलेली बरी, असें माझें स्पष्ट मत आहे. दोन दगडांवर पाय ठेवणाराची गत सर्वांस माहीत आहेच.

"मुभा" हा शब्द येथें नीट वाचावा. बाहेरचा कोणता पाठ्यक्रम धरावयाचा हें शेवटीं विद्यापीठच ठरवितें. म्हणून आधीं पाठ्यक्रम पुरा करून मग विचारण्यास जाऊं नये; प्रवेशापूर्वींच लेखी विचारावें व लेखी उत्तर जपून ठेवावें. "स्वयम्"वरील यादी दर सत्रास बदलते, हेंही विसरूं नये.

या बाबतींत मी इतका संशयखोर कां, तें सांगतों. आमच्या शाळेंतील एका सहाध्यापकांनीं बी. ए. न होतांच, दूरच्या एका विद्यापीठाच्या "खुल्या" योजनेंतून थेट एम्. ए. केलें. मनुष्य अत्यंत कष्टाळू. रात्रीं दोन दोन वाजेपर्यंत वाचीत बसे. पहिल्या पदवीवांचून घेतलेली अशी पदव्युत्तर पदवी ग्राह्य नाहीं, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं दिला, आणि बढतीच्या वेळीं त्यांचें तें प्रमाणपत्र बाजूस सारलें गेलें. विद्या त्यांची त्यांच्यापाशीं राहिली हें खरें. पण त्या दिवशीं शिक्षकांच्या खोलींत त्यांच्या तोंडाकडे कोणास पाहवेना. मी स्वतः मॅट्रिक. पुढें पाठशाळेंत व्याकरण व काव्य झालें, तें कोणत्याही पेढींत जमा होत नाहीं. त्या योजनेचा अर्ज मींही आणला होता. भरला नाहीं, तो शहाणपणानें नव्हे, आळसानें. असो. सांगण्याचा मुद्दा हा कीं, संस्थेस दूरशिक्षणाची मान्यता त्या वर्षासाठीं व त्याच शिक्षणक्रमासाठीं आहे कीं नाहीं, हें आयोगाच्या यादींत पाहिल्यावांचून एक पैसाही भरूं नये.

आतां सूनबाईंचा आराखडा. त्याचें खोड संस्कृत एम्. ए. हेंच ठरलें, इंदिरा गांधी विद्यापीठांत ती आहे. आयुर्वेदाच्या इतिहासास जवळचा असा पाठ्यक्रम "स्वयम्"वर मिळून विद्यापीठानें मान्य केला तर तो फांदीसारखा जोडावयाचा. मोडी व हस्तलिखितशास्त्र हे पदवीबाहेर ठेवले. पुण्यास १९१० पासूनचें भारत इतिहास संशोधक मंडळ व १९१७ पासूनचें भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर असतां या विद्येसाठीं श्रेयांकांची वाट पाहण्याचें कारण नाहीं. यावर सूनबाई थोड्या हिरमुसल्या, कारण त्यांस एकच पदवी हवी होती. पण पदवीच्या कागदावर काय छापलें जातें यापेक्षां पेटी उघडल्यावर काय वाचतां येतें, इकडे लक्ष द्यावें असें मीं म्हटलें, व तें त्यांस पटलें.

खरी अडचण मात्र पुढेंच होती. दोन वर्षांच्या एम्. ए.स साधारणतः ८० श्रेयांक, व एका श्रेयांकास वाचन, लेखन, स्वाध्याय धरून ३० तास. म्हणजे २४०० तास झाले. दोन वर्षांत पुरे करावयाचे तर आठवड्यास २३ तास पडतात. विद्यापीठ चार वर्षांपर्यंत मुदत देतें, त्या हिशेबानें साडेअकरा, म्हणजे दररोज सुमारें एक तास चाळीस मिनिटें. मीं सूनबाईंस पंधरा दिवस एक वही ठेवण्यास सांगितली. त्यांस रोज मोकळा वेळ मिळे तो सरासरी पन्नास मिनिटें; तोही तीन तुकड्यांत, व त्यांतील शेवटचा तुकडा रात्रीं ओटा आवरल्यावरचा, जेव्हां डोळे मिटूं लागलेले असतात. उरलेलीं पन्नास मिनिटें घरानें द्यावयाचीं होतीं.

वही सर्वांपुढें ठेवली. आमच्या मंडळींचें म्हणणें पडलें कीं, पोथ्या इतकीं वर्षें थांबल्या, आणखी थोड्या थांबतील. धाकट्या सूनबाई प्रथम कांहींच बोलल्या नाहींत, मग हळूच म्हणाल्या, "ताईंचें काम शेवटीं माझ्याकडेच येणार ना?" हा प्रश्न अगदीं न्याय्य होता, आणि तो मला आधीं सुचला नाहीं याची लाज वाटली. नुसती परवानगी देऊन मोकळें होणारीं घरें पुष्कळ असतात. परवानगीनें पोळ्या लाटल्या जात नाहींत. अखेर असें ठरलें: सकाळचें दूध व मुलांचे डबे थोरल्या चिरंजीवांकडे; संध्याकाळचा मुलांचा अभ्यास आणि मातोश्रींचें औषधपाणी माझ्याकडे; रविवारचा रात्रींचा स्वयंपाक पुरुषांनीं करावा; आणि पुढें धाकट्या सूनबाईंस कांहीं शिकावयाचें झाल्यास तितकाच वेळ त्यांस मिळावा. हें शेवटचें कलम मीं वहींत लिहून त्याखालीं सही केली. पहिल्या रविवारीं खिचडी लागली. दुसऱ्या रविवारीं कमी लागली.

अर्ज जानेवारीच्या सत्रासाठीं भरला. सूनबाई पहांटे पांचास बसतात. गुण शेंकडा ३० स्वाध्यायांचे व ७० परीक्षेचे, म्हणून पहिला स्वाध्याय लिहितांना सूत्रांचे अर्थ विचारण्यास त्या माझ्याकडे येतात. मोडी मात्र आम्हां दोघांसही येत नव्हती, व पुण्यास जाण्याचा योग अद्याप यावयाचा होता. परवां दुपारीं त्या मातोश्रींच्या खाटेपाशीं बसून मोडीचें एक पान तक्त्यावरून ताडून पाहत होत्या. मातोश्रींनीं हात पुढें करून पान मागितलें, चष्मा लावला, आणि एका ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "हें पिंपळी नव्हे ग, पिंपळमूळ आहे. मामंजींचें अक्षर असेंच होतें. लग्न होऊन आलें तेव्हां औषधांच्या चिठ्ठ्या तेच माझ्याकडून वाचून घेत असत."