उंबरगांव-डहाणूंतील वेठीचा अंत : मजूर, मंत्रिमंडळ व कागदपत्र

(१)

एखाद्या राजवटीनें कष्टकऱ्यांसाठीं काय केलें हें ठरवितांना तिचे कायदे व जाहीरनामे एकत्र करावे आणि त्यांवरून निष्कर्ष काढावा, अशी रीत अलीकडे पडली आहे. पेशवाईच्या बाबतींत आपण ही रीत मानीत नाहीं. तेथें सनदेशेजारीं महालाचा झाडा, जमाखर्चाचा ताळेबंद आणि रयतेचा तक्रारअर्ज ठेवल्यावांचून कोणी जाणता संशोधक बोलत नाहीं. हाच निकष विसाव्या शतकांतील लोकनियुक्त सरकारांसहि लावला पाहिजे, असें आमचें मत आहे. उदाहरणादाखल उत्तर कोंकणांतील वारली मजुरांचें प्रकरण येथें घेतों. मजुरांसाठीं आखलेलीं धोरणें त्यांच्या झोंपडीपर्यंत केव्हां पोंचलीं, कोठें अडलीं आणि हें कोणत्या पुराव्यावरून कळतें, एवढाच या लेखाचा विषय आहे.

(२)

वेवजी व झरी हीं गांवें आज पालघर जिल्ह्याच्या तलासरी तालुक्यांत मोडतात. वेवजीची शीव गुजरातेंतील सोळसुंबा गांवाशीं लागलेली आहे. १९६० सालीं द्विभाषिक मुंबई राज्याची वांटणी झाली, तेव्हां ठाणें जिल्ह्यांतील जुन्या उंबरगांव तालुक्याचा मोठा भाग गुजरातेंत गेला. पालघर जिल्हा तर १ ऑगस्ट २०१४ रोजीं निराळा झाला. या टापूचे कागद शोधणाऱ्यानें ही गोष्ट प्रथम ध्यानांत ठेवावी, कारण एकाच मुलखाचें दप्तर आतां दोन राज्यांत विभागलेलें आहे.

या मुलखांत वारली हा मूळचा कसणारा. एकोणिसाव्या शतकांत रोख साऱ्याची सक्ती वाढली, जंगलावर सरकारी राखणदारी आली, आणि सारा भरण्यासाठीं काढलेल्या कर्जापायीं जमीन हळूहळू सावकार-जमीनदारांच्या नांवें गेली. कसणारा तोच राहिला. मात्र आतां तो दुसऱ्याचें कूळ झाला. खंडाशिवाय त्याच्यावर वेठ लादली जाई, म्हणजे मालक बोलावील तेव्हां मोलावांचून कामास जावें लागे. पावसाळ्यांत घरांतलें धान्य संपलें कीं तो खावटी उचली आणि सुगींत ती वाढीसह फेडी.

यांहून कठीण प्रकार लग्नगड्याचा. लग्नासाठीं सावकाराकडून पैसे घेतलेला तरुण कर्ज फिटेपर्यंत सावकाराच्या घरीं राबे, व बहुधा त्याची बायकोहि त्याच्याबरोबर राबे. हिशेब मालकाच्या वहींत असे आणि ती वही कर्जदारास वाचतां येत नसे. त्यामुळें कर्ज फिटलें केव्हां, हें मालकानें सांगितल्याखेरीज त्यास कळण्यास मार्ग नव्हता. आमच्या वाचकांस हा मुद्दा विशेष महत्त्वाचा वाटेल. या गुलामगिरीचें मूळ जितकें दारिद्र्यांत होतें तितकेंच एकतर्फी लेखनांत होतें.

(३)

या स्थितीवर राजकारणांत उपाय सुचविले गेले ते १९३५ च्या कायद्यान्वये प्रांतिक निवडणुका ठरल्यानंतर. डॉ. आंबेडकर यांनीं १९३६ सालीं स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन केला. त्याच्या कार्यक्रमांत कुळांस जमीनदारांपासून संरक्षण, भूतारण पेढ्या व सहकारी संस्था, कामगारांचें वेतन व कामाचे तास यांवर कायद्याचें नियंत्रण, आणि जरूर तेथें उद्योगधंद्यांची सरकारी मालकी हीं कलमें होतीं. हा पक्ष सत्तेवर आला नाहीं. परंतु १७ सप्टेंबर १९३७ रोजीं डॉ. आंबेडकरांनीं मुंबईच्या विधिमंडळांत खोती नष्ट करण्याचें बिल मांडलें. याच पक्षातर्फे निवडून आलेले शामराव परुळेकर पुढें किसान सभेच्या कार्यांत शिरले आणि वारल्यांच्या मुलखांत पोंचले.

सत्ता मिळाली ती काँग्रेसला. जुलै १९३७ मध्यें बाळासाहेब खेर यांचें मंत्रिमंडळ अधिकारारूढ झालें. त्यानें सिमिंग्टन नांवाच्या मुलकी अधिकाऱ्याकडे आदिवासी व डोंगरी जमातींच्या स्थितीची चौकशी सोंपविली. त्याच्या अहवालांत वेठ, सावकारी व लग्नगड्यांची स्थिति स्पष्ट शब्दांत नमूद आहे. १९३९ सालीं कुळकायदा व शेतकरी कर्जनिवारणाचा कायदा असे दोन कायदे झाले. त्याच वर्षीं नोव्हेंबरांत मंत्रिमंडळानें राजीनामा दिला. म्हणजे चौकशी पुरी झाली, दोष लिहिला गेला, कायदाहि छापला गेला. पण उंबरगांव-डहाणूकडे वेठ चालूच राहिली.

(४)

पुढची हालचाल सरकारी कचेरींतून झाली नाहीं. जानेवारी १९४५ मध्यें टिटवाळा येथें महाराष्ट्र किसान सभेचें अधिवेशन भरलें. तेथें या भागांतील थोडे वारली गेले होते. त्यानंतर शामराव व गोदावरीबाई परुळेकर या मुलखांत फिरले, आणि २३ मे १९४५ रोजीं झरी येथें हजारों वारल्यांची परिषद भरली. तिचा निश्चय थोडक्यांत असा: वेठ करावयाची नाहीं, रोख बारा आणे रोज मिळाल्याखेरीज मालकाच्या खाजगी जमिनींत राबावयाचें नाहीं, मारहाण झाल्यास सर्वांनीं मिळून प्रतिकार करावयाचा, आणि एकी सोडावयाची नाहीं. त्यानंतर थोड्याच आठवड्यांत गांवोगांव वेठ बंद पडली व लग्नगडी मोकळे झाले. याकरितां नवा कायदा झाला नव्हता, हें येथें नोंदवून ठेवावें.

याच सुमारास विलायतेंत मजूर पक्षाचा विजय झाला. २६ जुलै १९४५ रोजीं निकाल लागून अ‍ॅटली प्रधानमंत्री झाले. त्यांच्या सरकारनें १९४६ त राष्ट्रीय विम्याचा कायदा केला, १ जानेवारी १९४७ पासून कोळशाच्या खाणी राष्ट्राच्या मालकीच्या केल्या, आणि ५ जुलै १९४८ पासून सर्वांस मोफत वैद्यकीय सेवा सुरू केली. हीं कामें मोठीं होतीं यांत शंका नाहीं. परंतु त्या वेळीं मुंबई इलाख्यांत मंत्रिमंडळ नव्हतें, गव्हर्नरचा अंमल होता, आणि गव्हर्नर लंडनला जबाबदार होता. गवत कापणीच्या दरावरून, पांचशें रत्तल गवतास अडीच रुपये या मागणीसाठीं, वारल्यांनीं संप केला. ऑक्टोबर १९४५ मध्यें तलवाडा येथें जमलेल्या जमावावर पोलिसांनीं गोळीबार केला. त्यांत जेठ्या गांगड याच्यासह पांच जण ठार झाले. लंडनांतील मजूर सरकारास अडीच महिने झाले होते. एकाच राज्याच्या दोन टोंकांस 'मजूर' या शब्दाचे असे दोन अर्थ होते.

(५)

१९४६ सालीं खेर यांचें मंत्रिमंडळ पुन्हां अधिकारारूढ झालें. या दुसऱ्या कारकीर्दीचें माप देतांना दोन्ही बाजू मांडणें न्याय्य होईल. खेरांची आदिवासींविषयींची कळकळ खरी होती. ठाणें जिल्ह्यांत आदिवासी सेवा मंडळाचें कार्य त्यांनीं १९४० पासूनच चालविलें होतें. १९४७ पासून जंगल कामगार सहकारी संस्था निघाल्या. त्यांमुळें जंगलतोडीचा कूप ठेकेदाराऐवजीं तोडणाऱ्यांच्याच संस्थेकडे जाऊं लागला. सावकारीवर नियंत्रण आलें, कर्जनिवारणाचा नवा कायदा १९४७ त झाला. १९४८ च्या कुळकायद्यानें खंडाची कमाल मर्यादा बागायतीस पिकाचा चौथा व इतर जमिनीस तिसरा हिस्सा अशी ठरविली. दुसऱ्या बाजूस, याच मंत्रिमंडळाच्या काळांत परुळेकर दांपत्यावर जिल्हाबंदीचे हुकूम निघाले आणि जंगलकामाच्या मजुरीसाठीं संप करणाऱ्या वारल्यांवर पोलिसांचा दाब आला. संघटनेनें मिळविलेलें कायद्यानें बांधून द्यावें, पण संघटना मात्र नको, असें हें धोरण होतें.

त्याचा परिणाम कुळकायद्यांत दिसतो. संरक्षण हवें तर आपण कूळ आहों हें दाखविणें भाग होतें, आणि दाखवावयाचें तें कागदावर. ज्याच्याकडे पावती नाहीं, ज्याचें नांव पाहणीपत्रकांत चढलेलें नाहीं, त्यानें काय दाखवावें? १ एप्रिल १९५७ या कृषकदिनीं कसणारा मालक ठरला, तेव्हांहि हीच अडचण आड आली. राज्यघटनेनें १९५० सालीं वेठबिगार निषिद्ध ठरविली, आणि वेठबिगार पद्धति नष्ट करणारा केंद्राचा स्वतंत्र कायदा १९७६ सालीं झाला. झरीच्या निश्चयास तोंवर एकतीस वर्षें झालीं होतीं.

(६)

या हकीकतींतून आम्ही एवढाच निष्कर्ष काढतों कीं, सरकारचें श्रेय नाकारण्याचें कारण नाहीं, पण त्याचा क्रम बदलूं नये. या मुलखांत सुटका आधीं झाली व कायदा मागून आला. कायद्याचें काम सुटका टिकविण्याचें होतें, आणि तो जेथें जेथें केवळ मालकाच्या कागदावर विसंबला तेथें तेथें तो लंगडा पडला. पुढील धोरणाची दिशाहि यांतच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत दावेदाराखेरीज अन्य वडीलधाऱ्या माणसांचें लिहून घेतलेलें निवेदन पुरावा म्हणून ग्राह्य धरलें आहे. मौखिक साक्षीस राज्यानें दिलेली ही मान्यता आम्हांस कोणत्याहि आश्वासनाहून मोलाची वाटते.

संग्राहकांचें कर्तव्य येथूनच सुरू होतें. सरकारी अहवाल ग्रंथालयांत सुरक्षित आहेत. सावे यांचा वारल्यांवरील १९४५ चा इंग्रजी ग्रंथ उपलब्ध आहे. गोदावरीबाईंचें 'जेव्हां माणूस जागा होतो' हें पुस्तक सर्वांस ठाऊक आहे. परंतु सावकारी घरांतील खावटीच्या वह्या, लग्नकर्जाच्या चिठ्या, जंगल कामगार संस्थांचीं हजेरीपुस्तकें हे कागद जुन्या पेट्यांत असतील तर वाळवीच्या तोंडीं आहेत. ते हलके, बिनमोहरेचे व अलीकडचे म्हणून आपण बाजूस सारतों. ज्यांच्या संग्रहीं असे कागद असतील त्यांनीं ते रद्दींत घालूं नयेत, आणि त्यांतील नांवें ज्या घराण्यांचीं असतील त्या घराण्यांतील वृद्धांस ते वाचून दाखवून त्यांचें म्हणणें शेजारीं लिहून ठेवावें. त्या वहींत काय लिहिलें आहे हें ज्यास कधीं कळलें नाहीं, त्याच्या नातवंडांस तरी तें कळणें हा इतिहासाचा धर्म आहे.