‘फॉरमॅट’ मारण्यापूर्वी

घरातला संगणक एके दिवशी सुरूच होत नाही. निळ्या पडद्यावर न उमगणारी इंग्रजी अक्षरे उमटतात आणि संगणक पुन्हा पहिल्यापासून सुरू होऊ लागतो. ओळखीच्या दुकानातला मुलगा येतो, दोन-चार कळा दाबून पाहतो आणि निकाल देतो, ‘काका, फॉरमॅट मारावा लागेल.’ दीड-दोन तासांत संगणक नव्यासारखा चालू लागतो. मात्र मुलीच्या लग्नाची छायाचित्रे, सोसायटीचे पाच वर्षांचे हिशेब आणि अर्धवट लिहून झालेला प्रबंध यांचा मागमूसही उरलेला नसतो. शहरातल्या बहुतेक कुटुंबांना हा प्रसंग थोड्याफार फरकाने परिचित आहे.

या मुलाला दोष देणे सोपे आहे. वस्तुतः तो कष्टाळू असतो आणि त्याचा हातही सफाईदार असतो. परंतु सुटे भाग ओळखणे, ते जोडणे आणि शेवटी विंडोज टाकणे, एवढ्यावरच त्याचे शिक्षण संपलेले असते. विंडोज कशी टाकायची हे त्याला पाठ असते. ती टाकल्यावर नेमके काय काम करते, हे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. म्हणूनच कोणत्याही बिघाडावर त्याच्यापाशी एकच उपाय असतो, तो म्हणजे सारे पुसून पुन्हा मांडणे. नवशिक्या तंत्रज्ञांना ऑपरेटिंग सिस्टिमची मूलतत्त्वे शिकवण्याची निकड येथून सुरू होते.

पडद्यामागचा व्यवस्थापक

ऑपरेटिंग सिस्टिम म्हणजे काय, याची पाठ्यपुस्तकी व्याख्या विद्यार्थी पाठ करतो आणि परीक्षेनंतर विसरतो. त्यापेक्षा त्याला एसटीचे एखादे गजबजलेले आगार डोळ्यांसमोर आणायला सांगावे. फलाट मोजकेच असतात, गाड्या मात्र अनेक. कोणती गाडी कोणत्या फलाटावर किती वेळ थांबेल, कोणता चालक कोणत्या फेरीवर जाईल, बंद पडलेली गाडी बाजूला कशी घ्यायची, हे सारे वाहतूक नियंत्रक ठरवतो. प्रवाशाला त्याचे अस्तित्वही जाणवत नाही. पण तो तासभर जागेवर नसेल तर आगारात गोंधळ माजेल.

संगणकातही असेच चालते. प्रोसेसर हा फलाट आणि चालू असलेले प्रोग्रॅम या गाड्या. ऑपरेटिंग सिस्टिम प्रत्येक प्रोग्रॅमला प्रोसेसरचा वेळ काही मिलिसेकंदांच्या तुकड्यांत वाटून देते. हे वाटप इतक्या वेगाने होते की गाणे, पत्रलेखन आणि इंटरनेट ही सारी कामे एकाच वेळी चालली आहेत असा आपला समज होतो. त्याखेरीज कोणत्या प्रोग्रॅमला किती मेमरी द्यायची, डिस्कवर कोणती फाइल कोठे ठेवायची, छपाई यंत्राशी कोणत्या भाषेत बोलायचे आणि कोणत्या वापरकर्त्याला कशाची मुभा आहे, याचीही देखरेख तीच करते. वेळ, मेमरी, फाइल, उपकरणे आणि परवानगी, ही पाच खाती समजली की नवशिक्याला बिघाडाकडे पाहण्याची दृष्टी येते. हा बिघाड यांपैकी कोणत्या खात्यातला, हा पहिला प्रश्न तो स्वतःला विचारू लागतो.

कळ दाबल्यापासून

शिकवण्याची सुरुवात कोठून करावी? कळ दाबल्यापासून पडद्यावर आपले नेहमीचे चित्र दिसेपर्यंत जे अर्धे-एक मिनिट जाते, तेथून. त्या अवधीत ठरावीक क्रमाने पाच टप्पे पार पडतात. प्रथम मदरबोर्डवरचा मूळ प्रोग्रॅम, म्हणजे जुन्या यंत्रांत बायॉस आणि नव्या यंत्रांत यूईएफआय, मेमरी, कळफलक वगैरे जागेवर आहेत ना, याची चाचणी घेतो. नंतर ऑपरेटिंग सिस्टिम कोणत्या डिस्कवर आहे, ते तो शोधतो. तिसऱ्या टप्प्यात डिस्कवरचा ‘बूट लोडर’ हा छोटा प्रोग्रॅम चालू होतो. जुन्या पद्धतीत त्याची सुरुवात डिस्कच्या अगदी पहिल्या ५१२ बाइटांत असे. यूईएफआयच्या पद्धतीत त्यासाठी डिस्कवर एक लहानसा स्वतंत्र विभाग राखलेला असतो. चौथ्या टप्प्यात ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजेच कर्नल, मेमरीत येतो आणि उपकरणांचे ड्रायव्हर उचलतो. पाचव्या टप्प्यात वापरकर्त्याची ओळख पटवून त्याचे प्रोग्रॅम सुरू होतात.

हा क्रम ज्याला ठाऊक आहे, त्याचे अर्धे निदान संगणक कोठे अडला हे पाहताच होते. पडद्यावर काहीच उमटत नसेल तर विंडोजला दोष देण्यात अर्थ नाही. मेमरीची पट्टी काढून साफ करून पुन्हा बसवणे अधिक शहाणपणाचे. कंपनीचे बोधचिन्ह दिसून ‘बूट डिव्हाइस सापडत नाही’ असा संदेश आला तर डिस्कची जोडणी आणि शोधाचा क्रम तपासावा. कित्येकदा यंत्राला लावून विसरलेला एखादा पेन ड्राइव्हही या घोटाळ्याच्या मुळाशी असतो. विंडोजचे चिन्ह येऊन संगणक पुन्हा पुन्हा सुरू होत असेल तर संशय ड्रायव्हरवर किंवा खराब झालेल्या सिस्टिम फाइलवर घ्यावा. सारे व्यवस्थित सुरू होऊन त्यानंतर यंत्र रेंगाळत असेल तर आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमांची यादी पाहावी. यांपैकी एकाही ठिकाणी पहिला उपाय म्हणून ‘फॉरमॅट’ची गरज नाही.

मेमरीची ओढाताण

‘संगणक फार हळू चालतो’ ही तंत्रज्ञाच्या कानी सर्वाधिक पडणारी तक्रार असावी. तिचे उत्तर शोधण्यासाठी मेमरी आणि डिस्क यांतला फरक मनात पक्का असावा लागतो. मेमरी म्हणजे काम करण्याचे टेबल आणि डिस्क म्हणजे कपाट. टेबल भरले की ऑपरेटिंग सिस्टिम काही कागद तात्पुरते कपाटात ठेवते आणि लागतील तसे परत काढते. या सोयीमुळे कमी मेमरीवरही अनेक प्रोग्रॅम चालतात. मात्र कपाट टेबलापेक्षा कितीतरी पट संथ असते. काढ-घाल वाढली की डिस्क अखंड राबत राहते आणि माऊसचा बाणसुद्धा हलेनासा होतो.

अशा वेळी टास्क मॅनेजर उघडला तर डिस्कचा रकाना १०० टक्के दाखवतो. नवशिका म्हणतो, डिस्क बदला. परंतु शेजारचा मेमरीचा रकानाही काठोकाठ भरला असेल तर मूळ दुखणे बहुधा मेमरीचे असते. लक्षण एका खात्यात आणि कारण दुसऱ्या खात्यात, असे ऑपरेटिंग सिस्टिममध्ये वारंवार घडते. ग्राहकाचे काही हजार रुपये वाचणार की वाया जाणार, हे दोन रकाने एकत्र वाचता येण्यावर अवलंबून असते. तसेच ८ जीबी मेमरी बसवूनही संगणक जेमतेम सव्वातीन-साडेतीन जीबीच वापरतो, अशी तक्रार आली तर ३२ बिटांची ऑपरेटिंग सिस्टिम आहे का, हे प्रथम पाहावे. ३२ बिटांत ४,२९,४९,६७,२९६ एवढेच पत्ते लिहिता येतात, म्हणजे ४ जीबी; आणि त्यांतलेही काही पत्ते उपकरणांसाठी राखलेले असतात.

पुसले म्हणजे काय झाले?

फाइल प्रणालीचा धडा हा या विषयाचा सर्वांत नाजूक भाग, कारण तेथे ग्राहकाची आयुष्यभराची ठेव पणाला लागलेली असते. जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कवर फाइल पुसली की तिचा मजकूर तत्काळ नाहीसा होत नाही. नोंदवहीतली तिची नोंद रद्द होते आणि ती जागा मोकळी समजली जाते, एवढेच. त्या जागी दुसरे काही लिहिले जाईपर्यंत मूळ मजकूर तेथेच असतो. ‘क्विक फॉरमॅट’मध्येही नोंदवही नवी होते, पाने बहुतांशी तशीच राहतात. मात्र त्यावर लगेच नवी विंडोज टाकली की त्या पानांवर दुसरे अक्षर चढते. विंडोज व्हिस्टापासून पूर्ण ‘फॉरमॅट’ तर सगळ्या डिस्कवर शून्ये लिहितो. म्हणून चुकून काही पुसले गेले की तो संगणक वापरणे ताबडतोब थांबवावे, हा पहिला नियम.

नव्या एसएसडी डिस्कवर एवढीही उसंत मिळत नाही. कोणती जागा मोकळी झाली, हे ऑपरेटिंग सिस्टिम त्या डिस्कला कळवते आणि डिस्क ती आपल्या सवडीने खरोखरच पुसून टाकते. जुन्या डिस्कवर मिळालेला अनुभव नव्या डिस्कवर लागू पडत नाही तो यामुळे. ‘रिकव्हरी करून देतो’ असे ग्राहकाला आश्वासन देण्यापूर्वी यंत्रात कोणती डिस्क आहे, हे तंत्रज्ञाने पाहिलेच पाहिजे.

याच धड्यात रोजच्या व्यवहारातले एक कोडेही सुटते. पेन ड्राइव्हमध्ये २० जीबी जागा रिकामी असूनही लग्नाच्या चित्रफितीची ५ जीबीची फाइल त्यात जात नाही. पेन ड्राइव्ह बिघडलेला नसतो. तो फॅट-३२ या जुन्या पद्धतीने आखलेला असतो आणि त्या पद्धतीत एका फाइलचा आकार ४ जीबीपर्यंत पोहोचू शकत नाही. आतला मजकूर दुसरीकडे उतरवून पेन ड्राइव्ह एक्सफॅट किंवा एनटीएफएस पद्धतीने पुन्हा आखला की काम होते. येथे ‘फॉरमॅट’ हाच योग्य उपाय आहे. पण तो का, हे माहीत असल्यामुळे.

जुलै २०२४चा धडा

गाभा, म्हणजे कर्नल, आणि साधे प्रोग्रॅम यांत ऑपरेटिंग सिस्टिम एक भिंत उभी करते. साधा प्रोग्रॅम कोसळला तर तो एकटाच बंद पडतो. भिंतीच्या आतला ड्रायव्हर चुकला तर मात्र सारे यंत्र थांबते. याचे प्रत्यंतर १९ जुलै २०२४ रोजी जगाला आले. क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षा प्रणालीची एक सदोष फाइल जगभरातल्या विंडोज यंत्रांवर गेली आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख यंत्रे निळा पडदा दाखवत बंद पडली. विमाने रद्द झाली, इस्पितळांची कामे खोळंबली आणि भारतातल्या काही विमानतळांवर प्रवाशांच्या हाती हाताने लिहिलेले बोर्डिंग पास पडले.

कंपनीने सदोष फाइल दीड तासाच्या आत मागे घेतली. तथापि जी यंत्रे इंटरनेटशी जोडली जाण्यापूर्वीच कोसळत होती, त्यांच्यापर्यंत ही दुरुस्ती पोहोचणार कशी? त्यांच्यासमोर माणसालाच बसावे लागले. संगणक ‘सेफ मोड’मध्ये, म्हणजे अत्यावश्यक ड्रायव्हरांनिशी, सुरू करायचा, ठरावीक फोल्डरमधली ती एक फाइल काढायची आणि यंत्र पुन्हा चालू करायचे. काम तसे काही मिनिटांचे. पण डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर आधी ४८ अंकी किल्ली शोधणे आले. हे संकट निवारणाऱ्यांकडे कोणतीही गूढ विद्या नव्हती. ‘सेफ मोड’ म्हणजे काय, ड्रायव्हर कोठे राहतात आणि कुलपाची किल्ली का लागते, ही मूलतत्त्वे ज्याला ठाऊक होती, त्याचे काम निभावले. ज्याला केवळ ‘फॉरमॅट’ येतो, त्याने त्याच यंत्रावरचा सारा मजकूर गमावला असता.

बिघडवा आणि शिका

हे सारे फळ्यावर शिकवून भागत नाही. ॲमस्टरडॅमचे प्राध्यापक अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी १९८७ मध्ये ‘मिनिक्स’ ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम तयार केली, ती विद्यार्थ्यांना आतले यंत्र उघडून पाहता यावे म्हणूनच. हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने तिच्यावरच हात बसवत १९९१ मध्ये लिनक्सला जन्म दिला. आपल्या प्रशिक्षण वर्गांना इतके दूर जाण्याचे कारण नाही. व्हर्च्युअलबॉक्ससारख्या मोफत साधनाने एका संगणकाच्या पोटात दुसरा काल्पनिक संगणक उभा करता येतो. शिक्षकाने त्यात मुद्दाम बिघाड पेरावा, म्हणजे बूट लोडर उडवावा, चुकीचा ड्रायव्हर बसवावा, डिस्क भरून टाकावी किंवा परवानगी काढून घ्यावी. विद्यार्थ्याने तो शोधावा. यंत्र कितीदाही मोडले तरी क्षणात पूर्ववत होते. प्रत्येक वेळी लक्षण, अंदाज, चाचणी आणि निष्कर्ष अशा चार ओळी त्याने वहीत लिहाव्यात. परीक्षेतही व्याख्या न विचारता लक्षणे द्यावीत आणि पहिली तीन पावले कोणती, हे विचारावे. संज्ञा इंग्रजी राहिल्या तरी त्यामागचे कारण मुलाच्या भाषेत सांगावे. मराठीतून समजलेले कारण तो ग्राहकालाही समजावून देऊ शकतो.

यातच एक शिस्तही रुजवायला हवी. यंत्राला हात लावण्यापूर्वी ‘यात महत्त्वाचे काय आहे आणि त्याची दुसरी प्रत आहे का?’ हा प्रश्न विचारणे, पुसण्यापूर्वी लेखी संमती घेणे आणि दुसऱ्याच्या खासगी फाइली न उघडणे. कॉम्पटिया या संस्थेच्या ‘ए प्लस’ या तंत्रज्ञांच्या परीक्षेतही ऑपरेटिंग सिस्टिमच्या जोडीने कामाची शिस्त तपासली जाते, ती उगाच नव्हे.

विंडोज एक्सपीचे पाठबळ २०१४ मध्ये संपले, विंडोज १०चे १४ ऑक्टोबर २०२५ रोजी. पडद्यावरची चित्रे आणि कळांच्या जागा दर काही वर्षांनी बदलतात. त्या पाठ करणाऱ्याचे ज्ञान त्यांच्याबरोबरच जुने होते. कळ दाबल्यावर काय घडते, मेमरी अपुरी पडली की काय होते आणि पुसलेली फाइल कोठे जाते, हे ज्याला समजले त्याला नवी आवृत्ती अडवत नाही. आपणही एवढे करू शकतो. दारी आलेल्या तंत्रज्ञाने ‘फॉरमॅट मारावा लागेल’ असे म्हटले की शांतपणे विचारावे, ‘का?’ त्याचे उत्तर त्याच्यापाशी असेल तर यंत्र खुशाल त्याच्या हाती सोपवावे.