कुंपणाआतला दुष्काळ

दक्षिण केनियातल्या काजियादोमध्ये पाऊस बेताचाच, आणि तोही ठिगळाठिगळाने पडतो. एका टेकडीपाशी गवत गुडघाभर वाढलेले असताना काही कोसांवर जमीन तडकलेली असते. पुढच्या वर्षी कदाचित नेमके उलटे. म्हणून मसाई पशुपालक गवतामागे जनावरे नेत आले: पावसाळ्यात दूरची कुरणे, कोरड्या दिवसांत पाणथळ जागा, आणि वासरांसाठी, आजारी जनावरांसाठी वस्तीजवळ राखलेले ‘ओलोकेरी’. ही बिनकागदाची व्यवस्था सरकारला अव्यवस्था वाटली. १९६८च्या कायद्याने समूहांच्या नावे ‘ग्रूप रँच’ आखल्या गेल्या आणि १९८०च्या दशकापासून त्यांचीही घराघरांत वाटणी सुरू झाली. कागद हाती आला की माणूस सुरक्षित, हा त्यामागचा हिशेब बागायतीत बरोबर आहे. इथे मात्र आपल्या तुकड्यावर पाऊस चुकला की त्या घराचे वर्षच चुकते, आणि शेजारचे हिरवे गवत तारेपलीकडे राहते. बदलत्या हवामानात पशुपालकाचा सर्वांत मोठा आधार मोकळी वाट हाच आहे, असे माझे ठाम मत आहे.

सर्वांचे कुरण ओरबाडलेच जाते, हा आक्षेप गॅरेट हार्डिन यांनी १९६८मध्येच गाजवला. पण त्यांच्या कल्पनेतल्या कुरणाला नियमच नव्हते. खऱ्या सामाईक कुरणांना ते असतात, हे एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी दाखवले. २००९चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना त्याच कामासाठी मिळाले. डेव्हिड स्नीथ यांनी १९९८मध्ये मांडलेली तुलनाही बोलकी आहे. कळप फिरते राहिलेल्या मंगोलियात सुमारे दहावा हिस्सा कुरण खराब झाले होते. कुरणे घरोघरी वाटलेल्या शेजारच्या चिनी प्रदेशात एक तृतीयांशाहून अधिक. लोकसंख्या आणि शेती यांचाही त्यात वाटा आहे, पण एवढ्या मोठ्या फरकाचे उत्तर केवळ त्यांत सापडत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: कागद नसलेली जमीन बळकावली जाते. ते खरेच आहे. रँचच्या समित्यांवरचे वजनदार लोक चांगली जमीन लाटतील, या भीतीनेच अनेक मसाईंनी स्वतः वाटणी मागितली. तेव्हा कागद हवाच. प्रश्न तो कुणाच्या नावे, हा आहे. केनियाच्या २०१६च्या सामुदायिक भूमी कायद्याने समूहाच्या नावे नोंदणी शक्य केली, पण समूहाची हद्दही अपुरी पडते. २०२० ते २०२२मध्ये सलग पाच पावसाळे फसले, तेव्हा कळप हद्दी ओलांडूनच जगवावे लागले. फिरता हक्क कायद्यात बसवता येतो. भारताच्या २००६च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांचा हंगामी चराईहक्क मान्य केलाच आहे. केनियातही चराईच्या वाटा, कोरड्या दिवसांतले पाणवठे आणि शेजारच्या समूहांचा तिथला हक्क त्याच नोंदणीत लिहिला गेला पाहिजे.