ओकोबा : चढासाठी बांधलेले स्थानक

जपानच्या क्यूशू बेटावर हितोयोशी शहर सोडून लोहमार्ग दक्षिणेकडे डोंगर चढू लागला की पहिले स्थानक लागते ते ओकोबा. सुमारे २९४ मीटर उंचीवरच्या या स्थानकाभोवती वस्ती जवळपास नाही, कारण ते गावासाठी नव्हे, चढासाठी बांधले गेले. कागोशिमाला जाणारा मार्ग किनाऱ्याने नेल्यास तो शत्रूच्या युद्धनौकांच्या तोफांच्या टप्प्यात येईल, अशी भीती लष्कराला वाटत होती. म्हणून तो डोंगरातून आखला गेला आणि हितोयोशी ते योशिमात्सु हा त्याचा अखेरचा, सर्वांत अवघड टप्पा नोव्हेंबर १९०९ मध्ये खुला झाला.

येथे हजार मीटर अंतरामागे तीस मीटरांहून अधिक चढ आहे. थोड्या जागेत उंची गाठता यावी म्हणून रूळ सुमारे ३०० मीटर त्रिज्येने गोल फिरवून स्वतःच्याच माथ्यावरून पुढे नेले आहेत. या रचनेला लूप म्हणतात आणि जपानमध्ये ती सर्वप्रथम येथेच झाली. परंतु वाफेच्या इंजिनाला वाटेत पाणी घ्यावे लागे आणि भरलेली गाडी चढावर एकदा थांबली की पुन्हा हलवणे फार कठीण जाई, त्यामुळे मुख्य मार्गाच्या बाजूला काढलेल्या, पुढे बंद होणाऱ्या सपाट फाट्यावर फलाट बांधण्यात आला. फाट्यावर शिरून, उलट दिशेने मागे येऊन पुन्हा चढाला लागण्याच्या या पद्धतीला स्विचबॅक म्हणतात. भोर घाटातही १८६३ पासून १९२९ पर्यंत गाड्या अशाच दिशा बदलत. लूपच्या आतच स्विचबॅक असलेले स्थानक मात्र जपानमध्ये हे एकच आहे.

डिझेलच्या काळात हितोयोशीकडून आलेली गाडी फलाटावर थांबली की चालक डब्यांतून चालत मागच्या टोकाच्या केबिनमध्ये जाई, गाडी उलटी चालवत सांध्यावरून दुसऱ्या बंद फाट्यावर नेई, पुन्हा मूळ टोकाला परते आणि मगच लूपचा चढ सुरू होई; काही मिनिटांनी तेच स्थानक खिडकीतून खाली दरीत दिसे. वाफेच्या काळात पुढे एक आणि मागे एक इंजिन जोडून गाड्या चढवल्या जात. दगडी बुरुजावरच्या टाकीतून इंजिनात पाणी भरले जाईपर्यंत प्रवासी फलाटावरच्या दगडी कुंडात तोंडावरची काजळी धुऊन घेत.

ही सारी खबरदारी अनाठायी नव्हती. याच मार्गावर, मासाकी आणि योशिमात्सु यांच्या दरम्यानच्या एका बोगद्यात, ऑगस्ट १९४५ मध्ये युद्धाहून परतणाऱ्या सैनिकांनी खच्चून भरलेली गाडी अडकली. धूर असह्य होऊन अनेक जण रुळांवर उतरून चालू लागले, तेवढ्यात गाडी मागे घसरली आणि कित्येकांचा जीव गेला.

किनाऱ्याचा मार्ग १९२७ मध्ये पूर्ण झाल्यावर या डोंगरी मार्गाचे मुख्य स्थान गेले आणि तो हिसात्सु मार्ग या नावाने दुय्यम ठरला. जुलै २०२० च्या महापुरानंतर येथील वाहतूक बंद पडली. त्यानंतर यात्सुशिरो ते हितोयोशी हा भाग पुन्हा उभारण्याचे ठरले, पण ओकोबा ज्या भागात येते, त्या हितोयोशीपुढच्या टप्प्याचा त्या निर्णयात समावेश नव्हता. ज्या स्थानकाला सुरुवातीपासूनच गाव नव्हते, त्याचे मोल उतारूंच्या संख्येवरून ठरवणे अन्यायाचे आहे.