तीनशेच्या आत

मे महिन्यातली दुपार. मंडईकडून तुळशीबागेत शिरलं की ऊन मागे राहतं, उकाडा मात्र सोबत आत येतो. गल्लीवर निळ्या-पिवळ्या ताडपत्र्या ताणलेल्या. त्यांतून झिरपलेला उजेड सगळ्यांच्या चेहऱ्यांवर पडलाय. एका बाजूला भातुकलीची पितळी भांडी, दुसऱ्या बाजूला क्लिपा, बांगड्या, मोत्यांच्या माळा. लगीनसराईचे दिवस. "पुढे सरका ना जरा," मागून आवाज येतो. पुढे जागाच नाही.

कॉस्मेटिक्सच्या गाळ्यासमोर बायकांच्या तीन फळ्या उभ्या. छतापर्यंत डब्या रचलेल्या. टेबलफॅन आहे, पण त्याचं तोंड आत. गिऱ्हाईक घामात. रुमाल निघतात, ओढणीची टोकं कपाळावर फिरतात.

गळ्यात दुकानाचं ओळखपत्र अडकवलेली एक मुलगी वाट काढत पुढे येते. जेवणाच्या सुट्टीत आलेली दिसते. कपाळ, नाकाचा शेंडा, हनुवटी, तेवढंच चकाकतंय.

"काका, सेटिंग पावडर दाखवा ना. दिवसभर काउंटरला उभी असते, दुपारपर्यंत चेहरा नुसता तेलकट होतो."

"लूज देऊ की कॉम्पॅक्ट?"

"तीनशेच्या आतली द्या."

काउंटरवर तीन डब्या येतात. तिचा हात आधी सोनेरी झाकणाच्या डबीकडे जातो. आत आरसा, मऊ पफ, वर गुलाबाचा वास. 9 ग्रॅम, 270 रुपये. शेजारची कॉम्पॅक्ट साधी, काळ्या प्लॅस्टिकची, तीही 9 ग्रॅमचीच, 198 रुपये. तिसरी लूज पावडर, 20 ग्रॅम, 290. छापील किमतीजवळ बारीक अक्षरांत ग्रॅममागचा भाव दिलेला असतो. सोनेरी डबीचा 30 रुपये, काळीचा 22, लूजचा साडेचौदा. ही ओळ वाचायला इथे कुणाला सवड मिळत नाही. ट्यूबलाइटच्या उजेडात ती नीट दिसतही नाही.

मागची बाजू तर आणखी बारीक. पण खरी पावडर तिथेच कळते. 1 टक्क्याहून जास्त असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. टाल्क, सिलिका, मक्याचा स्टार्च, केओलिन म्हणजे पांढरी माती. तिन्ही डब्यांवर थोड्याफार फरकाने हीच नावं. सिलिकाचे कण सच्छिद्र असतात, ते तेल धरून ठेवतात. टाल्क चेहऱ्यावर मऊ पसरतो. सोनेरी डबीवर मात्र दुसऱ्याच क्रमांकाला अभ्रक आहे. अभ्रक झळाळीसाठी घालतात. चकाकी घालवायला आलेल्या मुलीला झळाळी विकली जातेय, तीही सगळ्यांत महाग.

काका टेस्टर उघडतात, तिच्या हाताच्या पाठीवर चिमूटभर पावडर घासतात. "बघा, किती स्मूद."

"हातावर नको बघूस गं." शेजारून आवाज. पन्नाशीच्या बाई, खांद्याला मोठी पिशवी, हातात मालाची यादी. पार्लर चालवतात हे त्यांच्या बोलण्यातून लगेच कळतं. "हाताला कुठे तेल येतं? जबड्याशी लाव. आणि इथे नको, बाहेर उन्हात चल. ताडपत्रीखाली सगळे रंग खोटे."

दोघी निघतात. मीही मागोमाग जाते. ताडपत्री संपते तिथे ऊन एकदम डोळ्यांवर येतं. जमिनीवर टोपली मांडून एक पोरगा 60 रुपयांना पावडरच्या डब्या विकतोय. नाव ओळखीचं वाटतं, फक्त एक अक्षर वेगळं. बाई एक डबी उचलून उलटी करतात. परवाना क्रमांक नाही, बॅच नाही, कुठे बनली त्याचा पत्ता नाही. "हे तोंडाला लावायचं?" म्हणत ठेवून देतात.

मुलीच्या जबड्यावर आता दोन पट्टे आहेत. लूज पावडर डबीत पांढरी होती, तिच्या सावळ्या कातडीवर राखेसारखी दिसते. बाई मोबाइलचा फ्लॅश लावून फोटो काढतात. पट्टा आणखी पांढरा उठतो. सिलिका आणि टायटॅनियम डायऑक्साइड फ्लॅशचा उजेड परत फेकतात. लग्नाच्या अल्बममधले ते पांढरे डाग इथूनच येतात. कॉम्पॅक्टचा पट्टा पिवळसर आहे, बराच मिसळलेला, तरी एक छटा उजळच.

"पिवळ्यावर जा," बाई सांगतात. "पण आधी टिशूने चेहरा टिप. घामावर पावडर लावलीस तर गोळे होतील. पफ दाबायचा, घासायचा नाही. आणि सगळ्या तोंडाला कशाला? जिथे तेल येतं तिथेच. गाल कोरडे आहेत तुझे. लूज घेतलीस तर पंख्यासमोर उडवू नकोस, नाकात जाते."

परत गाळ्यावर. गर्दी तशीच, घामाचा आणि अत्तराचा वास एकमेकांत मिसळलेला. मुलगी काळी डबी पुढे करते. "हीच, पण यात अजून डार्क?"

काका फळीवरून एकेक डबी काढतात. आयव्हरी. नॅचरल. बेज. पुन्हा आयव्हरी. सहा डब्यांत गव्हाळाच्या पुढे एकही जात नाही. समोर उभ्या असलेल्या बायकांपैकी निम्म्या तरी त्या सहांहून सावळ्या आहेत. मला हे फार लागतं. महागाच्या काचेच्या कपाटात सावळ्या छटा आहेत, 600च्या पुढे. त्या छटेसाठी लागतं काय, तर थोडं जास्त आयर्न ऑक्साइड. तांबडं, पिवळं, काळं. तो काही दुर्मीळ माल नाही.

"या रेटमध्ये डार्क चालत नाही, ताई."

"चालत नाही कसं?" पार्लरच्या बाई पिशवी काउंटरवर ठेवतात. "माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मुली हिच्याच रंगाच्या. मागवलंत कधी? सहा नग माझे धरा. पैसे आत्ता देते."

काका क्षणभर त्यांच्याकडे बघतात. मग खोक्याचा पुठ्ठा फाडून त्यावर कंपनीचा शेड नंबर लिहून घेतात.

"सात करा," मुलगी म्हणते. "एक माझा."

"शुक्रवारी माल येतो. फोन करून या."

ती घड्याळ बघते, नंबर मोबाइलमध्ये टिपून घेते. आज फक्त 20 रुपयांचं टिशूचं पाकीट घेते आणि गर्दीतून वाट काढत लक्ष्मी रोडकडे निघते.