तुरीची काडी डोळ्याला लागली? मेडिकलचा ड्रॉप टाकण्याआधी हे वाचा

आर्णी : सोयाबीनची सोंगणी झाली की थ्रेशरवर कुटार उडतं. त्यामागून कापूस वेचणी येते, पऱ्हाटीचं वाळलेलं टोक तोंडाला घासतं. पुढं तूर कापायला आली की काडी नेमकी डोळ्यावर येते. तालुक्यात असं घर सापडणार नाही जिथं कोणाच्या डोळ्यात कधी कुसळ गेलं नाही. बहुतेक वेळा पाण्यानं धुतलं, रात्रीची झोप झाली की सकाळी बरं वाटतं. पण काही वेळा तिसऱ्या-चौथ्या दिवशी डोळा लालभडक होतो, उजेड सहन होत नाही, पाणी थांबत नाही आणि बुबुळावर पांढरा ठिपका दिसायला लागतो. गावात म्हणतात, फूल पडलं. खरं तर फूल म्हणजे शेवटी राहणारा डाग. त्याआधी त्या जागेवर जखम असते, ती चिघळत असते, आणि तेव्हाच उपचार झाला तर डोळा वाचू शकतो. डॉक्टर या जखमेला कॉर्नियल अल्सर म्हणतात.

मोतीबिंदू आणि हे दुखणं यात मोठा फरक आहे. मोतीबिंदू दोन-चार महिने उशिरा काढला तरी बहुधा नजर परत येते. बुबुळावरच्या जखमेत दोन-चार दिवस उशीर झाला तरी नजर कायमची जाऊ शकते. डोळ्याच्या पुढची ही काच जेमतेम अर्धा मिलिमीटर जाड असते. आरपार दिसावं म्हणून तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळं जंतूशी लढणारं रक्त तिथवर थेट पोचत नाही. वरची साल शाबूत असेल तर जंतू आत शिरत नाही. काडीनं साल खरचटली की दार उघडतं. खरचटलेली जागा स्वच्छ असेल तर एक ते तीन दिवसांत आपोआप भरून येते. पण शेतातली काडी स्वच्छ नसते.

त्या काडीवर काय असतं, हे शेतकऱ्याला वेगळं सांगायची गरज नाही. तुरीवर मर रोग येतो, हरभऱ्यावर येतो, तो फ्युझॅरियम नावाच्या बुरशीमुळं. भुईमुगाच्या शेंगेवर जी काळी-हिरवी बुरशी चढते ती अस्परजिलस. डोळ्याच्या जखमेत सापडणाऱ्या बुरशीही याच दोन कुळांतल्या जास्त असतात. तुरीला मारणारी जात आणि डोळा खाणारी जात बहुधा वेगवेगळी, पण खानदान एकच, आणि राहण्याची जागाही तीच. माती, पालापाचोळा, वाळलेली काडी.

हे नुसत्या अंदाजावर कोणी सांगितलेलं नाही. तामिळनाडूतल्या मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयात १९९४ साली तीन महिन्यांत बुबुळावर जखम घेऊन आलेल्या ४३४ रुग्णांची नीट नोंद ठेवली गेली. जखम खरवडून, त्यातला जंतू प्रयोगशाळेत वाढवून पाहिला. तीनपैकी जवळपास दोन रुग्णांना आधी डोळ्याला मार लागलेला होता, आणि त्यात शेतीकामात लागलेलेच जास्त. ज्यांच्यात जंतू सापडला त्यांत बॅक्टेरिया आणि बुरशी जवळजवळ निम्मे-निम्मे निघाले, आणि बुरशीत फ्युझॅरियम सर्वांत पुढं. त्याआधी १९९३ साली मदुराई जिल्ह्यात मोजणी झाली तेव्हा दर लाखामागं वर्षाला ११३ जणांना हा आजार होत असल्याचं दिसलं. अमेरिकेतल्या एका जिल्ह्याशी ताडून पाहिलं तर हा आकडा दहापट होता.

आता प्रश्न औषधाचा. बुरशीवर नेटामायसिन नावाचं जुनं औषध आहे, डोळ्यात थेंब टाकायचं. पुढं व्होरिकोनॅझोल नावाचं नवं, महाग औषध आलं. ते डोळ्याच्या आत जास्त खोलवर जातं, म्हणून अनेक डॉक्टरांना ते सरस वाटत होतं. वाटणं वेगळं आणि असणं वेगळं. त्यासाठी २०१० पासून अरविंद रुग्णालय आणि अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठानं मिळून एक मोठी चाचणी घेतली. बुरशीचा व्रण असलेले ३२३ रुग्ण घेतले. कोणाला कोणतं औषध मिळणार हे डॉक्टरनं ठरवलं नाही, नातेवाईकानंही नाही. एक प्रकारे चिठ्ठ्या टाकूनच ठरलं. औषध कोणतं चालू आहे हे रुग्णाला माहीत नव्हतं आणि डोळा तपासणाऱ्यालाही नव्हतं.

आजारी माणसाच्या बाबतीत चिठ्ठ्या टाकतात, हे ऐकून कोणालाही राग येईल. पण शेतकऱ्यानं जरा थांबून विचार करावा. अकोल्याच्या पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात दोन वाणांची तुलना करताना एक वाण काळ्याभोर जमिनीत आणि दुसरा मुरमाड पट्ट्यात लावला, तर त्या निकालाला काय अर्थ? म्हणून वाफे पाडतात आणि कोणत्या वाफ्यात कोणता वाण हे नशिबावर सोडतात. ही युक्ती आलीच मुळी शेतीतून. इंग्लंडच्या रोथॅमस्टेड शेती संशोधन केंद्रात रोनाल्ड फिशर या गणितज्ञानं १९२० च्या दशकात ती बसवली, आणि माणसांच्या औषधांच्या चाचण्यांनी ती नंतर उचलली. डॉक्टरला निवडू दिलं तर तो नकळत बिकट रुग्णाला नवं औषध देईल आणि सोप्याला जुनं. मग कोणतं औषध भारी हे कधीच कळायचं नाही.

निकाल २०१३ साली छापून आला आणि अनेकांचा अंदाज चुकला. जुनं नेटामायसिनच सरस ठरलं. तीन महिन्यांनंतरची नजर त्या गटात चांगली होती, आणि बुबुळाला भोक पडण्याची किंवा तातडीनं बुबुळ बदलावं लागण्याची वेळ नव्या औषधाच्या तुलनेत निम्म्याच्या आसपास होती. फ्युझॅरियमच्या रुग्णांत हा फरक सर्वांत मोठा. अशा चाचणीवर एक स्वतंत्र समिती नजर ठेवून असते. एका गटाचं नुकसान होतंय असं दिसलं तर ती चाचणी थांबवू शकते, आणि इथं तिच्या सल्ल्यावरून भरती आधीच थांबवली गेली. त्यानंतर जास्त बिघडलेल्या २४० रुग्णांत व्होरिकोनॅझोलच्या गोळ्या जोडून पाहिल्या, भारतात आणि नेपाळात. त्याचाही एकूण फायदा दिसला नाही. जखम एकदा खोल गेली की महागडी गोळीसुद्धा फार काही करत नाही, असा त्याचा सरळ अर्थ.

आता गावातल्या सवयीकडं येऊ. डोळा लाल झाला की माणूस मेडिकलवर जातो आणि 'डोळ्याचा ड्रॉप द्या' म्हणतो. नाहीतर घरातल्या म्हातारीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर उरलेली बाटली टाकतो. त्या बाटलीत बहुधा स्टेरॉइड असतं. ऑपरेशननंतर ते लागतंच, सूज उतरायला. पण बुरशीच्या जखमेवर तेच विष ठरतं. कारण स्टेरॉइड लाली आणि ठणका कमी करतं, म्हणजे डोळ्याची स्वतःची लढाईच थांबवतं. माणसाला वाटतं, बरं झालं. आत बुरशीला मोकळं रान मिळतं. आठ दिवसांनी डोळा पुन्हा उठतो तेव्हा जखम खोल गेलेली असते. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन यातलं काही लिहिलं असेल तर डॉक्टरनं सांगितल्याशिवाय ती डोळ्याजवळ नेऊ नये. नाव इंग्रजीत बारीक अक्षरात असतं. घरातल्या शिकत्या पोराला वाचायला लावावं, फोनच्या कॅमेऱ्यानं मोठं करून पाहावं.

बॅक्टेरियाच्या जखमेत तरी स्टेरॉइडचा उपयोग होतो का, हेही तपासलं गेलं. ५०० रुग्ण, त्यातले बहुतेक भारतातले. आधी बॅक्टेरियाचं औषध सुरू केलं, मग अर्ध्यांना स्टेरॉइड आणि अर्ध्यांना नुसते साधे थेंब. २०१२ साली निकाल आला : तीन महिन्यांनी दोन्ही गटांच्या नजरेत एकूण फरक नाही. आणि हे सगळं जंतू ओळखून, डॉक्टरच्या डोळ्यांदेखत. अंदाजानं टाकलेल्या ड्रॉपला एवढाही आधार नाही.

मग गावात करता येण्यासारखं काही आहे की नाही? नेपाळच्या भक्तपूर भागात हे करून पाहिलं. गावातल्या साध्या स्वयंसेवकांना शिकवलं की कोणाच्या बुबुळाला खरचटलं तर लगेच क्लोरॅम्फेनिकॉलचं मलम तीन दिवस लावायचं, दिवसातून तीनदा. अशा ४४२ जणांपैकी ४२४ जणांची जखम चिघळली नाही. त्यातला सर्वांत मोलाचा आकडा वेळेचा आहे. मार लागल्यापासून १८ तासांच्या आत मलम सुरू झालेल्या २८४ जणांत एकालाही व्रण झाला नाही. एक ते दोन दिवस उशिरा आलेल्यांत मात्र शंभरात २८-२९ जणांची जखम चिघळली. हा अभ्यास २००१ साली प्रसिद्ध झाला.

पण यात एक गोम होती. मलम न लावलेला गट तुलनेला नव्हता. कदाचित त्यातल्या बऱ्याच जखमा अशाही भरल्या असत्या. म्हणून पुढं नेपाळमध्येच २४ गावगट घेऊन तीन वर्षं मोठी चाचणी झाली. अर्ध्या गटांत स्वयंसेवक आणि मलम, अर्ध्यांत नाही. २०२२ साली निकाल आला तेव्हा एकूण व्रणांच्या संख्येत फरक सापडला नाही. मलम वाईट आहे असा याचा अर्थ नाही. मलमाची ट्यूब घरात आहे म्हणून डॉक्टरकडं जायचं टाळू नये, एवढा मात्र नक्की आहे. शिवाय ते मलम बॅक्टेरियावरचं, बुरशीला ते मारत नाही.

असं संशोधन फक्त मदुराईत किंवा नेपाळात होतं असंही नाही. आपल्या विदर्भातच, नागपूरपासून चाळीसेक किलोमीटरवरच्या आठ खेड्यांत २००६ ते २००८ या काळात तीस वर्षांवरच्या ४,७११ लोकांचे डोळे तपासले गेले. नागपूरच्या सूरज आय इन्स्टिट्यूटचे डॉ. विनय नांगिया आणि जर्मनीचे डॉ. योस्ट योनास यांनी हा अभ्यास केला. सेंट्रल इंडिया आय अँड मेडिकल स्टडी या नावानं तो जगभर ओळखला जातो. ही औषधाची चाचणी नव्हती, मोजणी होती. कोणाला काय आहे, किती जणांना आहे. त्यात एक गोष्ट अशी निघाली की शंभरात जवळपास तेरा जणांच्या डोळ्याच्या पांढऱ्या भागावरून बुबुळाकडं मांसाचा पडदा सरकत होता. वय वाढलं की प्रमाण वाढतं, बाईपेक्षा पुरुषात जास्त, आणि कमी शिकलेल्यात जास्त. हा पडदा वाढण्याशी ऊन आणि धूळ यांचा संबंध डॉक्टर जोडतात. वावरात दिवस घालवणाऱ्यांना यात नवल वाटणार नाही, पण आकडा कागदावर आला की त्यावर बोलता येतं.

उद्या सेवाग्राम, सावंगी, यवतमाळ किंवा नागपूरच्या एखाद्या दवाखान्यात कोणी चाचणीत सामील व्हाल का असं विचारलं तर दचकायचं कारण नाही, आणि डोळे झाकून अंगठा द्यायचंही कारण नाही. कागद आपल्याला समजेल अशा भाषेत मागावा. कोणतं औषध, किती दिवस, त्रास झाला तर उपचार कोण करणार, हे विचारावं. चाचणीमुळं इजा झाली तर उपचार फुकट द्यावे लागतात आणि भरपाईचीही तरतूद आहे, असं २०१९ चे नियम सांगतात. मधूनच नाही म्हणता येतं, आणि नाही म्हटलं म्हणून नेहमीचे उपचार बंद करता येत नाहीत. औषधाच्या प्रत्येक चाचणीची नोंद भारताच्या क्लिनिकल ट्रायल रजिस्ट्रीत करणं २००९ पासून बंधनकारक आहे. नोंदणी क्रमांक मागितला तर द्यायला कोणी कां-कूं करू नये.

आणि काडी लागलीच तर : डोळा चोळू नका. स्वच्छ पाण्यानं धुवा. जिभेनं, पदराच्या टोकानं किंवा सुईनं कुसळ काढू देऊ नका. मध, दूध, झाडपाल्याचा रस काही टाकू नका. फवारणीचं औषध उडालं असेल तर पंधरा-वीस मिनिटं सतत पाण्याची धार धरा आणि मगच दवाखान्याला निघा. २०१७ च्या फवारणीच्या हंगामात यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात विषबाधेचे जे रुग्ण भरती झाले, त्यांच्यात अंधुक दिसण्याची तक्रार घेऊन आलेलेही होते. फवारताना आणि थ्रेशरवर साधा प्लास्टिकचा गॉगल घातला तर हसणारे हसतील, हसू द्यावं.

दुसऱ्या दिवशी सकाळीही खुपत असेल, उजेड टोचत असेल किंवा अंधुक दिसत असेल तर आर्णीच्या ग्रामीण रुग्णालयात दाखवा. डोळ्याचे डॉक्टर त्या दिवशी नसतील तर यवतमाळला वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय चाळीसेक किलोमीटरवर आहे. तिथं डोळ्यात पिवळट रंगाची पट्टी लावतात आणि निळ्या उजेडात पाहतात. खरचटलेली जागा हिरवी चमकते. जखम असेल तर तिचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायला सांगा. बुरशी आहे की नाही हे बऱ्याचदा त्याच दिवशी कळतं. नेटामायसिन लिहून दिलं तर ते तासातासाला टाकावं लागतं, रात्रीसुद्धा, आणि आठवड्यांमागून आठवडे. बाटलीत ते खाली बसतं, म्हणून प्रत्येक वेळी हलवून टाकायचं. डोळ्यात पांढरा साका राहतो. तो औषधाचा असतो, पू समजून औषध बंद करू नये.